तांब्यावरील मीनाकामाचे टवके का उडतात?

प्रश्न
अर्धा मिलिमीटर जाडीच्या सपाट तांब्याच्या तबकडीवर पारदर्शक निळ्या काचेची भुकटी चाळून पसरली आणि ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत सुमारे तीन मिनिटे भाजली. बाहेर काढली तेव्हा काच एकसंध आणि चकचकीत होती; पण निवताना तबकडी मधोमध फुगली आणि काही तासांनी कडेचे टवके उडाले. मागची बाजू कोरीच आहे. दोष काचेचा की भाजणीचा?

पहिले उत्तर
बहुधा दोन्हींचा नाही. तांबे निवताना काचेपेक्षा अधिक आकसते. त्यामुळे काच दाबाखाली राहते, आणि दाब काच चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. थर एकाच बाजूला असला की हे आकसणे असमतोल होऊन पत्रा वाकतो व काचेची बाजू फुगीर होते. म्हणून मागेही जवळपास तेवढ्याच जाडीचा थर भाजावा लागतो; तिथे रंगाची चिंता नको, उरलेल्या भुकट्यांचे मिश्रणही चालते. सपाट आकाराऐवजी किंचित खोलगट आकार घेतल्यास पत्रा वाकण्याला अधिक विरोध करतो.

दुसरे उत्तर
मागच्या थराबद्दल सहमत आहे, तरी निष्कर्षाआधी उडालेला टवका उलटा करून पाहावा. त्याला काळी पापुद्र्यासारखी खपली चिकटली असेल, तर काच तांब्यावर बसलेलीच नाही, ती तांब्याच्या ऑक्साइडवर बसली आहे, आणि मागे कितीही थर दिले तरी ती सुटणारच. अशा वेळी पत्रा सौम्य आम्लात (कोमट पाण्यातील सायट्रिक आम्लही पुरते) स्वच्छ करून, घासून, पाणी सलग पसरते का ते पाहावे. थेंब थेंब वेगळे राहिले तर तेलकटपणा उरला आहे. त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नये.

प्रश्नकर्ता
टवक्याची खालची बाजू स्वच्छ आहे, म्हणजे मागचा थरच हवा. पण पुढची बाजू भाजताना तो वितळून भट्टीला चिकटणार नाही का?

पहिले उत्तर
आधी मागची बाजू भाजा, मग पुढच्या उघड्या तांब्यावर साचलेले ऑक्साइड आम्लाने काढा आणि त्यानंतरच तिथे भुकटी चाळा. दुसऱ्या भाजणीत तबकडी फक्त कडांनी टेकेल अशा तिपाईवर ठेवा. वितळलेली काच मधासारखी दाट असते, त्यामुळे एवढ्या थोड्या वेळात पातळ थर गळत नाही.