प्रति: टॅबलेटवर बुकमार्क पुसले तर फोनवर राहतील का?

सिंक (म्हणजे सगळ्या उपकरणांवर बुकमार्क आपोआप एकसारखे ठेवणारी सोय) चालू असेल तर नाही राहणार. क्रोममध्ये दोन्हीकडे एकच खातं असेल, तर एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडून जातं. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरचंही आयक्लाउड या अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीमार्फत तसंच. म्हणून आधी कॉम्प्युटरवरच्या क्रोममधल्या बुकमार्क मॅनेजरमधून सगळे बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

मग अँड्रॉइडवर एका बुकमार्कवर बोट दाबून धरा, नको असलेले बाकीचे निवडा आणि एकदम पुसा. फोल्डर पुसताना मात्र आत डोकावून बघाच, आतलं सगळं त्याच्यासोबत जातं. माझे कित्येक वर्षं जमवलेले पाककृतींचे दुवे असेच गेले, अजून हळहळ वाटते.

उरलेल्या बुकमार्कसाठी नवीन फोल्डर तीन-चारच करा. जास्त झाले की काय कुठे ठेवलंय तेच आठवत नाही.