१७८० सालचं मोठं नाणं: कुठलं आहे आणि खरं आहे का? मदत हवी आहे

आत्याच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या ढिगाऱ्यात हे नाणं सापडलं. तिचे सासरे एडनला नोकरीला होते, त्यांनी आणलं असावं एवढंच तिला आठवतं. फोटो नीट येत नाहीयेत, म्हणून वर्णन लिहितो.

एका बाजूला डोक्यावरून पदरासारखं वस्त्र घेतलेली, भरल्या अंगाची बाई. खांद्यावर मोत्यांचं पदक, खाली एस. एफ. अशी अक्षरं. कडेनं 'एम. थेरेसिया' एवढं वाचता येतं. मागे दोन तोंडांचा गरुड, छातीवर ढाल आणि १७८० साल. सालापुढे फुलीसारखी खूण. व्यास साधारण ४० मिमी, वजन २७.९ ग्रॅम. चुंबकाला चिकटत नाही. वरच्या कडेला पूर्वी कडी जोडायला डाग दिल्याची खूण आहे. सोनार म्हणाला, "चांदी आहे, पण कस कमी."

मला खटकतंय ते हे, की अडीचशे वर्षांच्या मानानं नाणं फारच कमी झिजलंय. नकली असेल का? (एक बाजू टूथपेस्टनं घासून बसलोय. ओरडू नका.)

प्रतिसाद १

ओरडणारच! काळपटपणा गेला तो गेला, वर बारीक ओरखडे कायमचे राहिले. दुसऱ्या बाजूला हात लावू नका.

नाणं ओळखणं सोपं आहे. हा ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं. नवरा १७६५ साली गेल्यावर ती विधवेच्या वेशात राहिली, तो पदर त्याचाच. एस. एफ. म्हणजे ग्युन्झबुर्ग टांकसाळीतले अधिकारी शोबल आणि फाबी.

आता सालाची गंमत. राणी नोव्हेंबर १७८० मध्ये वारली, पण अरबस्तान आणि इथिओपियाकडच्या व्यापाऱ्यांना हाच चेहरा आणि हेच साल ओळखीचं झालं होतं. दुसरं नाणं ते घेईनात. मग टांकसाळीनं साल बदललंच नाही. १९३५ मध्ये इटलीनं ऑस्ट्रियाकडून ठसे मिळवले, त्यानंतर लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स इथेही थालर पडू लागले. १९४०-४१ मध्ये तर खुद्द मुंबईच्या टांकसाळीतही पडले. म्हणजे तुमचं नाणं 'खरं' असूनही १७८० चं नसण्याचीच शक्यता जास्त. कमी झिजेचा उलगडा त्यातच आहे.

प्रतिसाद २

वरच्यांनी इतिहास छान सांगितला, पण मूळ प्रश्न राहिलाच. नकली थालरही भरपूर आहेत. आधी काठ बघा. खऱ्याच्या काठावर उठावदार लॅटिन अक्षरं असतात, अर्थ 'न्याय आणि दया'. तिथे नुसत्या उभ्या रेघा असतील किंवा सांध्याची रेष दिसत असेल तर विषय संपला.

मग पाण्याची परीक्षा. वजनकाट्यावर ग्लासभर पाणी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. थालरमध्ये १००० भागांत ८३३ भाग चांदी, बाकी तांबं, घनता पाण्याच्या १०.२ पटीच्या आसपास. तुमच्या वजनाला काटा २.७ ग्रॅमच्या जवळ थांबायला हवा. तांबं-निकेलचं असेल तर ३.१ दाखवेल. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका. तांबं, पितळ, शिसं यांपैकी काहीच चिकटत नाही.

धागाकर्ता

काठावर अक्षरं आहेत! भिंगातून 'क्लेमेन्तिया' स्पष्ट वाचलं. सांधा नाही. पाण्यात तीनदा बुडवलं: २.७, २.८, २.७. पूर्ण वजन मूळच्या २८.०७ पेक्षा थोडं कमी, ते झिजेमुळे धरू ना? आणि टांकसाळ कशी ओळखायची?

प्रतिसाद २

हो, एवढी झीज चालते. नाणं चांगलं आहे. टांकसाळ मात्र बारीकसारीक फरकांवरून ठरते: पदकातल्या मोत्यांची संख्या, गरुडाच्या शेपटीतली पिसं. त्यासाठी तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे जवळून फोटो लागतील. खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून काढा.

धागाकर्ता

उद्या सकाळी टाकतो. आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. तिला साल, टांकसाळ कशातच रस नाही. विचारते, पूर्वीसारखी कडी लावून गळ्यात घालू का?

प्रतिसाद १

डाग आधीच लागलाय, खुशाल घालू दे. फक्त फोटो काढून झाल्यावर.