मदत हवी आहे : स्वस्त भाडे घेऊन शेजारची आसने मिळतील का?

रावेरहून रेल्वेने मुंबई गाठून पुढे दिल्लीला विमानाने जायचे आहे. सोबत पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीमुळे वाटेकडेचेच आसन लागणारी माझी आई आहे. एकाच विमानासाठी साधे आणि ‘फ्लेक्सी’ असे दोन भाडेप्रकार दिसतात. साध्या भाड्यात आसननिवडीचे व तारीखबदलाचे पैसे वेगळे लागतात. फ्लेक्सीत आसन समाविष्ट असून बदलाचे शुल्क कमी आहे, मात्र दोन्हींत तारीख बदलल्यास भाड्यातील फरक भरावाच लागतो.

केळीच्या काढणीमुळे आमची तारीख पुढे जाण्याची शक्यता खरीच आहे. सामान मोजके असल्याने प्रत्येकी पंधरा किलोची मर्यादा पुरेल. आपत्कालीन दरवाजाजवळच्या ऐसपैस रांगेत मुलांना व ज्येष्ठांना बसवत नाहीत, त्यामुळे तो पर्याय नाही.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरील किमान एका पालकाजवळ बसवावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा 2024 चा निर्देश मी वाचला आहे. त्यात ज्येष्ठांचा उल्लेख आढळला नाही. ग्राहक सेवेला विचारले, तर ‘उपलब्धतेनुसार’ एवढेच उत्तर मिळाले.

अशा स्थितीत साधे भाडे घेऊन केवळ आईचे व तिच्या शेजारचे आसन विकत घ्यावे, की चौघांसाठी फ्लेक्सीच घ्यावे? आणि तारीख बदलल्यावर विकत घेतलेल्या आसनाचे पैसे नव्या विमानासाठी धरले जातात का?