५४० पत्त्यांचा क्यूब अन् बसायला माणसं चार

गोदाकाठचा (परभणी):
परवा 'लातूरचा लोटस' यांनी लिहिलं की क्यूब म्हणजे मॅजिकचे (मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचे) निवडक भारी पत्ते. त्यात एका मानाची (मान म्हणजे पत्ता खेळायला लागणारी ताकद) फुसकी लाल-पांढरी जनावरं भरून जागा अडवू नये. अन् ज्याला ड्राफ्ट (पाकिटं फिरवत एकेक पत्ता उचलणं) जमतो तो काहीही उचलून जिंकतो. दोन दिवस गप बसलो. आता राहवत नाही.

मी तुमचा क्यूब खेळलोय, भाऊ. दोनदा. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत. कूलर लावला की पत्ते उडायचे, बंद केला की स्लीव्ह एकमेकींना चिकटायच्या. इतकं सोसून खेळ काय होता? चौथ्या टर्नपर्यंत चौघंही लँड (मान देणारे पत्ते) टाकून एकमेकांची तोंडं बघायलो. ज्याचा सहा मानाचा राक्षस आधी उतरला तो जिंकला. डाव कसला, एसटीची वाट बघणं होतं ते.

तुम्ही म्हणता अॅग्रो (स्वस्त प्राण्यांनी झटपट हल्ला) पोरासोरांचं. अहो, अॅग्रो हा शेताचा राखणदार आहे. पहिल्याच टर्नला समोरून गॉब्लिन गाइड (एका मानाचा लाल प्राणी) धावून आला तरच माणूस दोन मानाचा ब्लॉकर उचलतो, नाहीतर सगळे हत्तीच पाळतात. तुमच्या ५४० मध्ये एका मानाचे लाल प्राणी मी मोजले. चार! चौघांचा ड्राफ्ट म्हणजे माणशी ४५ गुणिले ४, टेबलावर १८० पत्ते येणार, बाकी ३६० डब्यात झोपणार. त्या चारांतला सरासरी एखाद-दुसरा दिसणार. त्याच्यावर लाल डेक कोण बांधील?

अन् ते स्प्लिंटर ट्विन आणि डिसीव्हर एग्झार्क, एकत्र आले की डाव तिथंच संपवणारी जोडी! दोन्ही त्याच १८० मध्ये यायची शक्यता नवात एक. आठ वेळा निम्मी जोडी हातात धरून बसा, नाहीतर तेही नाही. आठ माणसं असतील तर ५४० ठेवा. आपल्याकडं चार असतात, तेही चौथ्याला चारदा फोन लावल्यावर.

लातूरचा लोटस:
दोनदा खेळलास आणि दोन्ही वेळा हरलास, तेवढं लिहायचं राहिलं.

नवात एक हे गणित शाळेतलं झालं. माझ्या क्यूबमध्ये ट्विनच्या जोडीला किकी-जिकी आहे, एग्झार्कच्या जोडीला पेस्टरमाइट. कुठलाही इकडचा अन् कुठलाही तिकडचा चालतो. आता मांड. साधारण तीनात एकदा दोन्ही बाजू टेबलावर येतात. यादी नीट वाचली असती तर दिसलं असतं.

आणि मला महिन्यातून एक रविवार मिळतो. तो सॅव्हाना लायन्सनं (एका मानाचा पांढरा प्राणी) दोन-दोन टोचत घालवायला नाही. पुण्या-मुंबईची पोरं दर आठवड्याला दुकानात आठ-आठ जण बसतात. आम्ही जे पत्ते नुसते फोटोत बघितले, ते निदान आमच्या टेबलावर तरी पडू द्या.

जालना यार्ड:
टेबलावर पडतायत ते पत्ते की झेरॉक्स? लोटसभाऊ, तुमचा ब्लॅक लोटस (तो दुर्मीळ, महागडा पत्ता) कलर प्रिंटचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, खालचा कोपरा कात्रीनं तिरका कापलाय.

लातूरचा लोटस:
आहे प्रॉक्सी. मग? खरा घ्यायला कुणाची जमीन विकू? कंपनीनं रिझर्व्ह्ड लिस्ट १९९६ ला काढली तेव्हापासून त्यातले पत्ते परत छापणार नाही म्हणून बसलेत.

जालना यार्ड:
प्रॉक्सीला विरोध नाही हो, चेष्टा केली. मी एकदा परदेशातून बारा पत्ते मागवले तर दीड महिना कस्टमला अडकले अन् ड्युटी पत्त्यांपेक्षा जास्त लागली. पुढच्या वेळी सरळ प्रिंटवाल्याकडं गेलो. त्यानं आधी पेनड्राइव्ह परत केला. म्हणला, "हे नोटांसारखं काही नाही ना?" त्याला फायरबॉल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तेव्हा तर तो जास्तच घाबरला.

सेलूची ताई:
मूळ मुद्द्यावर येता का? दोघंही आकड्यावर भांडताय, पाकिटावर कुणीच बोलत नाही. चौघांत पंधराचं पाकीट फिरवलं की पहिल्या पिकचं पाकीट पाचव्या, नवव्या अन् तेराव्या पिकला परत आपल्याच हातात येतं. काय गेलं, काय राहिलं, सगळं उघडं. आम्ही नऊ-नऊची पाच पाकिटं करतो. पत्ते तेवढेच, ४५, पण उष्टं कमी फिरतं. क्यूब ३६० चा, सगळे कॉमन (साधे, सहज मिळणारे पत्ते). माझ्या भाच्यानं लानोवार एल्फवर (मान देणारा छोटा प्राणी) बोल्ट (प्राणी मारायचा स्वस्त पत्ता) मारला तेव्हा माझ्या नवऱ्याचा चेहरा बघायला हवा होता. तुमच्या कुठल्याच राक्षसानं तसं रडवलं नाही त्यांना.

अंबाजोगाईचे काका:
मी मॅजिक नातवाकडून शिकलो, म्हणून विचारतो. मेंढीकोट बावन्न पानांत चालतो, आजवर कुणाला कमी पडली नाहीत. कट हुकूम खेळा. ज्याला आधी उतारीचं पान नसेल, तो टाकील तो हुकूम. त्यात जी मजा आहे ती तुमच्या ५४० मध्ये दाखवा.

जालना यार्ड:
काका, माफ करा, पण खरा मेंढीकोट बंद हुकुमाचाच. पान पालथं ठेवायचं अन् समोरच्याला तंगवायचं. कट हुकूम म्हणजे नशिबाचा खेळ.

अंबाजोगाईचे काका:
नशिबाचा? हातातला एक रंग मुद्दाम लवकर संपवायचा, अन् नंतर आपल्याला हवा तोच हुकूम पाडायचा, हे नशीब? चारही मेंढ्या घालवून बसला असाल कधीतरी, त्याचा राग दिसतोय.

जालना यार्ड:
आमच्या आजोबांनी याच वादावरून मेहुण्याशी दोन दिवाळ्या बोलणं टाकलं होतं. अन् हौ, चूक मेहुण्याचीच होती.

अंबाजोगाईचे काका:
मेहुणे कुठले होते?

जालना यार्ड:
केजचे. काहून?

अंबाजोगाईचे काका:
मग बरोबरच खेळत असतील.

गोदाकाठचा:
हा धागा क्यूबचा आहे हो! पण काका नकळत माझ्याच बाजूनं बोलले. एक रंग मुद्दाम संपवायचा, शेजारी कशापासून पळतोय ते ओळखायचं, ड्राफ्टमध्ये दुसरं काय असतं? लोटस यांच्या क्यूबमध्ये ते वाचताच येत नाही, कारण प्रत्येक पाकिटात पंधराही पत्ते 'घेण्यासारखे'. सगळंच भारी असलं की निवड कशाची?

तीनात एकदाचं गणित बरोबर आहे, मांडून बघितलं. पण त्यासाठी चार जागा खाल्ल्या ना? त्याच चार जागा मी लाल प्राण्यांना मागायलो होतो.

लातूरचा लोटस:
'बरोबर आहे' एवढंच पुरे होतं, 'पण' कशाला? उगं लई बोलायलास तू. लाल येत नाही, लाल येत नाही! मागच्या वेळी पत्ते कुणी पिसले होते? तूच. तुला डबा दिला तेव्हा रंगवार लावलेला होता, अन् तू दोनदा कट मारून वाटायला सुरुवात केलीस. माझ्या पहिल्या पाकिटात अकरा हिरवे होते. मी त्या दिवशी बोललो नाही, घरी आलेल्या माणसाला काय बोलायचं.

सेलूची ताई:
अकरा?

गोदाकाठचा:
स्लीव्ह चिकटल्या होत्या, सांगितलं ना वर. घामात ५४० पिसून दाखवा.

सेलूची ताई:
म्हणजे हा सगळा वाद न पिसलेल्या पत्त्यांवर चाललाय?

गोदाकाठचा:
नाही. एका मानाचे चार म्हणजे चारच. पिसले तरी पाच होत नाहीत.

लातूरचा लोटस:
बरं बाबा, आठ करतो. गॉब्लिन गाइड आहेच, मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर घालतो, बाकीचे तू सुचव. सॅव्हाना लायन्स घालणार नाही, त्यावर चर्चा नको. अन् रविवारी दोन तास आधी ये, पिसायला.