शांतारामांच्या यादीत 'कुंकू' नाही? मग यादी कसली!

गोदाकाठ: काल सिडकोवाल्यांनी दिग्दर्शक व्ही. शांतारामांचे सर्वोत्तम पाच सिनेमे टाकले: 'नवरंग', 'झनक झनक पायल बाजे', 'पिंजरा', 'दो आँखें बारह हाथ', 'अमर भूपाळी'. वर मल्लिनाथी, 'प्रभात कंपनीचे कृष्णधवल सिनेमे आता बघतं कोण?' डोकंच फिरलं. १९३७ चा 'कुंकू' बघा. पार्श्वसंगीत अजिबात नाही, घरातले नेहमीचे आवाज तेवढे. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते, आणि त्या शांततेत तिचा एकेक शब्द अंगावर येतो. माझा क्रम: 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी', 'दो आँखें'. 'पिंजरा' पाचवा, तोही डॉ. लागूंसाठी.

सिडकोवाला: यादी माझी आहे आणि मी ठाम आहे. 'झनक झनक' मोठ्या पडद्यावर पाहिलाय का कधी? गोपीकृष्णांचे पाय, ते रंग! १९५५ साली हे करायला छाती लागते. सामाजिक विषय म्हणजेच थोर सिनेमा, हे कुणी ठरवलं?

पंचवटीची लेक: रंगांबद्दल वाद नाही. पण 'पिंजरा' वरच्या तिनात? 'माणूस'मधली मैना कोठ्यावरची, तरी पोलीस शिपाई गणपतइतकीच स्वाभिमानी. 'कशाला उद्याची बात' म्हणणाऱ्या त्या बाईला दिग्दर्शकाने कुठेही कमी लेखलं नाही. तेहेतीस वर्षांनी तोच माणूस सांगतो, तमाशातली बाई आली आणि मास्तर बुडाला. हे मागे जाणं नाही तर काय?

सिडकोवाला: मास्तर स्वतःच्या पायांनी बुडतो. स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातो, यात दोष बाईवर कुठे आला?

जेलरोडकर: तुमचं चालू द्या. पहिला नंबर 'दो आँखें'चा, बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं म्हणून नव्हे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत खरोखर झाली होती, गोष्ट त्यावरून घेतलेली. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' सगळ्या शाळांत म्हणतात आणि सुटून आलेल्या माणसाला दारात उभं करत नाहीत. वडिलांनी फर्निचरच्या दुकानात असा एक सुतार ठेवला होता. काम आतच शिकलेला. रंधा असा मारायचा की फळीवरून तळहात फिरवला तर कुसळ लागायचं नाही. गिऱ्हाइकांना कळलं आणि ऑर्डरी तुटल्या. एका संध्याकाळी हत्यारं पुसून, जागच्या जागी लावून तो निघून गेला.

सिडकोवाला: वाईट वाटलं. पण सिनेमात सहा खुनी सुधारतात म्हणून मी घरात कुणाला घ्यावं? पोरीबाळी आहेत माझ्या घरात.

जेलरोडकर: आमच्या घरात दोन बहिणी होत्या. आमच्याच ओट्यावर जेवायचा तो. त्याचं ताट माझी आई वाढायची. भीती कुणाला घालताय?

सिडकोवाला: आवाज चढवू नका. काळजी करणं हा गुन्हा नाही.

पंचवटीची लेक: काळजी नाही ही, शिक्का आहे. जेलरोडकर, तुमचंही अर्धंच पटतं. आदिनाथसारखा देवमाणूस जेलर भेटला तरच सुधारणा, हे त्या सिनेमाचं लंगडं उत्तर. सुटून गावात परतलेल्याचं पुढे काय, तिथे तो जातच नाही.

जेलरोडकर: हे खरं आहे. मान्य करायला जड जातंय.

गोदाकाठ: 'शेजारी'वर कुणी चकार शब्द काढत नाही! १९४१ साल, देशात तेढ वाढत चाललेली, आणि हा माणूस हिंदू-मुसलमान मैत्रीवर सिनेमा काढतो. मराठीत मुसलमान मिर्झा केला गजानन जागीरदारांनी. हिंदी 'पडोसी'त तर हिंदू ठाकूर मझहर खानने केला. अशी पात्रयोजना आज करून दाखवा.

सिडकोवाला: 'शेजारी' मी पाहिलेला नाही, बघतो. 'नवरंग' काढून 'कुंकू' चौथा घेतो, गोदाकाठांनी एवढा जीव काढलाय म्हणून. 'पिंजरा' हलणार नाही. आणि सुताराबद्दल माझं मत तेच.

जेलरोडकर: मग 'दो आँखें'ही काढा यादीतून.