मालदांडीला हमीभाव आहे, पण गिऱ्हाईक कुठंय?

भीमाकाठ
आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी माझ्या भावकीत ज्वारीचं रान दरवर्षी आक्रसतंय. उजनी धरणाचं पाणी जिथवर पोचलं, तिथवर ऊस गेला. शेतकऱ्याला पाण्याची किंमत कळत नाही म्हणून नव्हे. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, कायद्यानं बांधलेली आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर टनाला ३५५० रुपये, तेही १४ दिवसांत, नाहीतर व्याज. मालदांडीलाही त्याच वर्षी क्विंटलला ३७४९ रुपये हमीभाव जाहीर झालाय. पण पोती घेऊन जायचं कुणाकडे? खरेदी केंद्र वेळेवर उघडलं तर ठीक, नाहीतर अडत्याचं दार.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहेच. मग सोलापूर, बीड, नगर या पट्ट्यात रेशनवर, आश्रमशाळांत, अंगणवाड्यांत जिल्ह्यातलीच ज्वारी द्या. सरकार दरसालचं पक्कं गिऱ्हाईक झालं तर ऊस कमी करा असं कुणाला सांगावं लागणार नाही.

पंचगंगा_ऊसकरी
सांगावं लागेल. कोरडवाहू ज्वारी एकरी पाच-सहा क्विंटल. सगळी हमीभावानं गेली तरी एकोणीस ते बावीस हजार, वर कडबा. त्यात बी, मेहनत, राखण. रब्बी ज्वारी उपटून काढावी लागते, बाया मिळत नाहीत. उसाला अवकाळी झाली तरी पीक हातात राहतं, सोसायटी कर्ज देते कारण वसुली कारखान्यातूनच होते. आणि ही एफआरपी वरून दान आलेली नाही, दरासाठी रस्त्यावर बसलोय आम्ही. एका पिकाचं संरक्षण दाखवून दुसऱ्या शेतकऱ्याकडे बोट करू नका.

भीमाकाठ
दादा, एफआरपी काढा असं मी म्हटलेलं नाही. तेच संरक्षण मला हवंय. तुमच्याकडे पाऊस आहे, आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि उसाला लागतं दोन हजारांच्या घरात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने उभे आहेत. तुमचा आणि माझा ऊस एकाच तराजूत नाही तोलता येत.

लासलगाव_परिसर
मला सरकार गिऱ्हाईक म्हणून नकोच. कांद्याचं बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, उठली मे २०२४ मध्ये. तोवर आमचा लाल कांदा मातीमोल गेला. तुरीला भाव आला की आयात मोकळी. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून पोती परत. अट १५ टक्क्यांवर आणली नोव्हेंबरात, तोवर गरजू माणसानं व्यापाऱ्याला घालून टाकलं होतं. भाव पडल्यावर केंद्र उशिरा आणि भाव चढल्यावर बंदी लगेच. बाजार मोकळा ठेवा, ज्वारीला गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतही आहे.

भीमाकाठ
निर्यातबंदीबद्दल एक शब्दही वेगळा नाही माझा. पण पुण्यातलं गिऱ्हाईक निवडक माल घेतं. उरलेल्याचं काय, हा प्रश्न राहतोच.

कोयता_आणि_मी
तुम्ही सगळे रानवाले बोलताय. आमच्याकडे रान नाही. मी बीडची, सात हंगाम ऊस तोडला. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की दिवाळीनंतर गाव सोडायचं, पोरांची शाळा तिथंच तुटते. ज्वारी वाढली तर गावात काम मिळेल असं वाटतं, पण काढणीचं काम किती दिवसांचं? महिन्याभराचंसुद्धा नाही. तोडणी चार-पाच महिने असते. याचा हिशोब या योजनेत कुठंच नाही.

एका वर्षी आमच्या रेशन दुकानात ज्वारी आली होती. काळी पडलेली, भाकरी थापताना तुटायची. लोकांनी कोंबड्यांना घातली. तुमची मालदांडी आम्हाला मिळणार का खरिपाची भिजलेली, ते आधी ठरवा.

पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं. भूमिहीनालाही वाटा होता आणि त्या पाण्यावर ऊस लावायला बंदी होती. न्याय्य धोरण म्हणायचं तर तिथून सुरुवात करा. माझ्या वाट्याचं पाणी मिळालं तर मी कुणाचं तरी अर्धं एकर वाट्यानं करीन.

पंचगंगा_ऊसकरी
ताई, तोडणी मजुरांबद्दल तुमचं खरं आहे, आम्ही त्यावर बोलायचं टाळतो. पण पाणी जमिनीपासून वेगळं करायला आमच्या भागात कुणी तयार होणार नाही. विहिरीचं, पाइपलाइनचं कर्ज आमच्या सातबाऱ्यावर आहे.

भीमाकाठ
मजुरीच्या दिवसांचा विचार मी केला नव्हता. काळ्या ज्वारीबद्दल एवढंच म्हणतो, की रब्बीचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तो तेव्हाच तालुक्यात घेऊन पावसाळ्याआधी वाटला तर टोके, म्हणजे धान्यातले किडे, लागत नाहीत. स्वच्छ करण्याचं, निवडण्याचं काम बचत गटांना द्या. त्यानं चार महिन्यांची तोडणी भरून निघणार नाही, हे मान्य. पाण्याच्या वाट्याबद्दल मात्र मी ताईंच्या बाजूनं आहे. उजनी माझ्या सातबाऱ्याच्या पैशातून बांधलेली नाही.