हप्ते थांबवू नका
ताई, दीर बेपत्ता आहेत म्हणून विम्याचे हप्ते थांबवायचे का विचारलंत. अजिबात नको! ७ वर्षं खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो (आता भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १११), पण तो कधी झाला हे नाही, म्हणून तोवर हप्ते भरून पॉलिसी चालू ठेवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसीच्याच खटल्यात हे स्पष्ट केलंय. पोलिसांतल्या मिसिंगच्या नोंदीची प्रत जपा, पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात मृत्यू जाहीर करून घ्यायचा दावा लावताना लागेल.

बाकी 'श्राद्ध उरकून मोकळे व्हा' हा तुम्हाला इथे कुणीतरी दिलेला सल्ला काही पटला नाही. माझा मामा सदाशिव पेठेतून असाच निघून गेला तो परत आलाच नाही. मामी अजून कुकर लावताना त्याच्या वाटणीचा तांदूळ घेते. लोक कुजबुजतात, कुजबुजू देत. तुमच्या सासूबाईंना कोणी श्राद्धाचं सुचवलं तर सरळ विषय बदला.